अंड्याचा ताजा पास्ता (घरगुती)

अंड्याचा ताजा पास्ता : गव्हाचे बारीक पीठ पाण्याऐवजी अंड्यात भिजवून, तिंबून, लांब लाटण्याने पातळ लाटून व कापून, न वाळवता किंवा जेमतेम सुकवून उकळत्या पाण्यात शिजवला जाणारा पदार्थ. याचे मुख्य क्षेत्र उत्तर इटली, त्यातही एमिल्या-रोमान्या प्रांत आणि त्याची राजधानी बोलोन्या. लाटलेल्या मोठ्या पोळीला तेथे ‘स्फोल्या’ व ती लाटणाऱ्या बाईला ‘स्फोलीना’ म्हणतात. कोल्हापुरात दुकानातून पाकिटात मिळणारा पास्ता बहुधा रवा व पाणी यांचा आणि यंत्रावर काढून वाळवलेला असतो. तो या नोंदीचा विषय नाही.

उगम : ‘पास्ता’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ भिजवलेले पीठ, लगदा असा आहे. त्यामागे ग्रीक शब्द आहे याबद्दल फारसा मतभेद नाही. मतभेद पदार्थाच्या उगमाविषयी आहे. मार्को पोलोने तो चीनमधून आणला ही लोकप्रिय समजूत टिकणारी नाही. पोलो १२९५ मध्ये व्हेनिसला परतला. त्याआधी, १२७९ मध्ये, जेनोआतील एका मृत सैनिकाच्या मालमत्तेच्या यादीत तेथील नोटरीने मॅकरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद केलेली आहे. याहून जुना पुरावा अल्-इद्रीसी या भूगोलवेत्त्याचा. सिसिलीच्या राजासाठी ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ (शेवयांसारखे पिठाचे तंतू) मोठ्या प्रमाणावर तयार होऊन जहाजांनी बाहेर जाते, असे लिहिले आहे. जहाजावर लादता येणारी वस्तू वाळवलेलीच असणार. त्यामुळे हा पुरावा कोरड्या पास्त्याचा आहे, ताज्याचा नव्हे. हा भेद अनेक लोकप्रिय लेखांत सुटतो.

याच्याही मागे जाऊन इटलीतील चेर्वेतेरी येथील इट्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या लोकांच्या) थडग्यातील (इ. स. पू. चौथे शतक) उठावचित्रांत पाट, लाटणे व कातरचक्र दिसते, म्हणून तेव्हाही पास्ता होता असे काही मानतात. लाटणे अनेक कामांना लागते; एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे वाटते. रोमन कवी होरेस याने उल्लेखलेले ‘लागाना’ पिठाच्या पातळ पोळ्यांचे होते, परंतु ते पाण्यात उकळत की तळत अथवा भाजत, हा वाद आहे. चीनमधील लाज्या या स्थळी मिळालेल्या सु. ४,००० वर्षांपूर्वीच्या शेवया (२००५ मध्ये प्रसिद्ध) बाजरीवर्गीय धान्याच्या असल्याचे संशोधकांनी मांडले. पीठ भिजवून त्याचे पट्टे किंवा तंतू काढण्याची कल्पना एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. आपल्याकडे भावप्रकाश या सामान्यतः सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय ग्रंथात ‘सेविका’ येते. गव्हाच्या बारीक पिठाच्या सूक्ष्म वळ्या करून, वाळवून, त्या दुधात शिजवाव्यात असे तिचे वर्णन आहे. मराठी ‘शेवई’ याच शब्दाशी जोडली जाते.

अंडे पिठात केव्हा शिरले, हे नेमके सांगणे कठीण. पंधराव्या शतकातील आचारी माएस्त्रो मार्तीनो याच्या एका कृतीत उत्तम पीठ अंड्याचा पांढरा बलक व गुलाबपाणी यांत भिजवले आहे. १५७० मध्ये बार्तोलोमेओ स्काप्पी याने दिलेल्या कृतीत अंड्यांबरोबर कोमट पाणीही आहे. पाणी पूर्ण वगळून निव्वळ अंड्यावर मळण्याची रीत बरीच पुढे स्थिरावली असावी. ‘ताल्यातेल्ले’ या चपट्या पट्ट्या एका दरबारी आचाऱ्याने लुक्रेझिया बोर्जिया या इटालियन उमराव स्त्रीच्या सोनेरी केसांवरून रचल्या ही कथा आऊगुस्तो मायानी या विनोदी चित्रकाराने १९३१ मध्ये रचलेली असून तिला ऐतिहासिक मूल्य नाही. या पट्टीची रुंदी मात्र नोंदणीकृत आहे. १६ एप्रिल १९७२ रोजी बोलोन्याच्या व्यापारी संघात सोन्याची एक पट्टी ठेव म्हणून ठेवण्यात आली. शिजल्यावर रुंदी ८ मिमी., म्हणजे शहरातील आझिनेल्ली मनोऱ्याच्या (सु. ९७ मी.) उंचीचा १२,२७० वा भाग.

पीठ व अंडे : गव्हाच्या पिठात ग्लायडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. ओलावा व तिंबणे मिळाले की त्यांचे ग्लूटेनचे जाळे तयार होते. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती मागे ओढते. उत्तर इटलीचा गहू मऊ, त्याचे जाळे कोरड्या पास्त्याला पुरे पडत नाही. ती उणीव अंड्यातील प्रथिने शिजताना गोठून भरून काढतात. पिवळ्या बलकातील स्निग्धांश व लेसिथिन यांनी कणीक मऊ व लाटण्यास सोपी होते. केवळ बलकांवर मळलेला पिडमाँटचा ‘तायारिन’ (किलोला ३० ते ४० बलक) त्यामुळेच तोंडात विरघळल्यासारखा लागतो.

कोल्हापुरात सहज मिळणारा मैदा बारीकपणात इटलीच्या ‘००’ पिठाच्या जवळ जातो व सुरुवातीस तोच योग्य. पुरणपोळीसाठी घराघरांत ठेवले जाणारे सपीटही चालते. लोकवनाची चाळलेली कणीक चवीला चांगली, पण उरलेला कोंडा जाळे तोडतो आणि पोळीला भोके पडतात. खपली गव्हाचा प्रश्न अधिक रंजक आहे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात आजही पिकणारा, खिरीसाठी व शेवयांसाठी मुद्दाम राखला जाणारा हा गहू जनुकीयदृष्ट्या ड्यूरम गव्हाचा (कोरड्या पास्त्याचा कठीण गहू) नातलग आहे. दोन्हींत गुणसूत्रांचे चार संच, तर पोळीच्या गव्हात सहा. खपलीची कणीक ताणली जाते पण मागे ओढत नाही; म्हणूनच ती शेवयांना मानवते. अंड्यात भिजवल्यास ती भराभर लाटली जाते आणि उचलताना कडेला फाटते. निम्मा मैदा मिसळल्यास हा दोष बराच कमी होतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

प्रमाण ‘१०० ग्रॅ. पिठाला एक अंडे’ असे सर्वत्र छापले जाते. ते जसेच्या तसे उचलल्यास कोल्हापुरात कणीक कोरडी पडते. युरोपीय प्रतवारीत ‘मध्यम’ अंडे ५३ ते ६३ ग्रॅ. असते, तर भारतीय अ‍ॅगमार्क प्रतवारीत मध्यम म्हणजे ४५ ते ५२ ग्रॅ. टरफलाचे वजन दहावा हिस्सा धरून वजा केले तर आपल्या अंड्यातून ४० ते ४७ ग्रॅ.च द्रव हाती येतो. एका अंड्याला ८० ते ८५ ग्रॅ. मैदा हे येथील प्रमाण धरावे. गावरान अंडे लहान असल्यास त्याहूनही कमी. रंगासाठी चिमूटभर हळद घालण्याचा सल्ला काही जण देतात. तिचा वास शिजल्यावरही उरतो, म्हणून तो टाळलेला बरा. बलकाचा पिवळेपणा कोंबडीच्या खाद्यावर ठरतो आणि हिरवा चारा टिपणाऱ्या गावरान कोंबडीच्या अंड्यात तो आपसूक असतो.

कृती : पिठाचे आळे करून त्यात अंडी फोडावीत, काट्याने फेटत कडेचे पीठ थोडे थोडे आत ओढावे. अंड्यात सु. ७५ टक्के पाणी असल्याने या कणकेत पाण्याचे प्रमाण पिठाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहते. पोळीच्या कणकेत ते साठ किंवा अधिक असते. पोळ्या करणारा सराईत हात इथेच चुकतो. पहिली पाच मिनिटे उंडा खरबरीत, भेगाळलेला, बोटांना दाद न देणारा असतो आणि हात पाण्याच्या वाटीकडे जातो. पाणी लावू नये. तळव्याच्या टाचेने पुढे रेटत, घडी घालत, फिरवत दहा ते पंधरा मिनिटे तिंबल्यावर भेगा आपोआप मिटतात, उंडा गुळगुळीत होतो आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू वर येतो. मग झाकून अर्धा तास मुरवावे. पुरणपोळीची कणीक मुरवून तिला तार आणणाऱ्यांना याचे कारण सांगावे लागत नाही: ताणलेले जाळे सैलावते व लाटी मागे ओढत नाही.

इटालियन लाटणे ८० सेंमी. ते १ मी. लांब, सरळ व मुठी नसलेले असते. आपल्या पोळपाटावर स्फोल्या मावत नाही, म्हणून ओट्याचा मोकळा दगड किंवा पाटावरच्या शेवयांचा लांब पाट वापरावा आणि उंड्याच्या चार लहान लाट्या कराव्यात. जाडी १ मिमी.पेक्षा कमी. पोळी वर धरली असता पलीकडची सान लूकाची टेकडी दिसावी, असे बोलोन्यात म्हणतात. येथे वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला तरी पुरे.

लाटलेली पोळी कापडावर पसरून चामड्यासारखी लवचीक होईपर्यंत सुकवतात, मग सैल गुंडाळी करून सुरीने पट्ट्या पाडतात. ही वेळ कोल्हापुरात ऋतूवर फार अवलंबून आहे. चैत्र-वैशाखात, म्हणजे घरोघरी गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण पडलेले असताना, पाच मिनिटांत कडा तडकतात. तेव्हा वरून ओले फडके हवे. आषाढ-श्रावणात अर्धा तास पंख्याखाली ठेवूनही पोळी ओलसरच राहते. लेखकाच्या घरी जुलैत कापलेल्या पट्ट्या पाणी उकळेपर्यंत एकमेकींना चिकटून पुन्हा उंडा झाला होता. उपाय म्हणजे मैद्याऐवजी बारीक रव्याची भुरभुर: मैदा ओलाव्याने खळ होतो, रव्याचे कण सुटे राहतात.

शिजवण्यास लिटरभर पाण्याला सु. १० ग्रॅ. मीठ व दोन-तीन मिनिटे पुरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंच असल्याने पाणी येथे ९८° से.च्या आसपास उकळते. त्याने फरक जाणवण्याइतका पडत नाही. कच्च्या अंड्याची कणीक दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये.

स्थानिक नाते : पास्ता म्हणजे ‘परदेशी शेवया’ असे सर्रास म्हटले जाते. आकारापुरते ते ठीक आहे, पण शेवया वर्षभर टिकण्यासाठी वाळवतात आणि बहुधा दुधात शिजवतात. त्यांचे साम्य कोरड्या पास्त्याशी अधिक. ताज्या पास्त्याचे खरे जवळचे नातलग म्हणजे चकोल्या: कणकेची लाटी, तिच्या शंकरपाळ्या, आणि वाळवण्याची वाट न पाहता त्या उकळत्या आमटीत सोडणे. फरक अंड्याचा, आणि पास्त्याचे पाणी निथळून टाकतात तर चकोल्यांचा स्टार्च आमटीलाच दाटपणा देतो, याचा. हाताच्या कौशल्याचे दुसरे साम्य रुखवतातील गव्हले, मालत्या, नखुल्या, फणोल्या यांत दिसते. फणोली नव्या फणीवर दाबून तिच्या रेघा उमटवतात. रोमान्यातील ‘गार्गानेल्ली’ हा अंड्याचाच पास्ता चौकोनी तुकडा काडीभोवती गुंडाळून फणीवर फिरवून करतात. या दोहोंत ऐतिहासिक संबंध सुचवण्याजोगे काही नाही, तरी एकीचा सराव असलेल्या बाईला दुसरी एका बैठकीत जमते.

सोबत म्हणून बोलोन्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला खिम्याचा ‘रागू’ असतो. येथे घट्ट परतलेला खिमा चालतो. तांबडा रस्सा पातळ असल्याने पट्ट्यांवर ठरत नाही. कापताना उरलेल्या वेड्यावाकड्या कडांना इटलीत ‘माल्ताल्याती’ म्हणजे वाईट कापलेले असे नाव आहे व ते कडधान्याच्या सूपात टाकतात. कोल्हापुरी घरात ते तुरीच्या आमटीत, चकोल्यांच्या जागी जातात.