पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट का होतो?

आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर मोजणी चालू आहे, आकडा चारशेच्या पुढे गेलाय. लिनक्सवरून नुसता सिरियल पोर्ट (बोर्डशी डेटाची देवाणघेवाण करायची वाट) उघडला आणि मोजणी पुन्हा शून्यापासून! एक अक्षरही पाठवलेलं नसतं. मग केबल बदलून बघितली जाते, पण तिचा यात काही दोष नाही.

1960 साली आलेल्या आरएस-232 या सिरियल पोर्टच्या मानकात डेटाच्या तारांखेरीज इशाऱ्यांच्याही तारा आहेत. नऊ पिनांच्या कनेक्टरवर चौथी डीटीआर आणि सातवी आरटीएस (डेटा पाठवायची परवानगी मागणारी) या कॉम्प्युटरच्या ताब्यातल्या. सीटीएस, डीएसआर, डीसीडी, आरआय या समोरच्या उपकरणाच्या. त्या आपण फक्त वाचायच्या. मॉडेमच्या जमान्यात डीटीआर चालू म्हणजे कॉम्प्युटर तयार, बंद म्हणजे फोन ठेव. लिनक्सने ही रीत सोडलेली नाही. पोर्ट उघडला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डीटीआर आणि आरटीएस आपणहून चालू करतो.

उनोवर डीटीआरची तार 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनला जोडलेली आहे. कपॅसिटर स्थिर पातळी अडवतो, बदल तेवढा पुढे जाऊ देतो. त्यामुळे डीटीआर चालू होताना रीसेटला क्षणभर झटका बसतो. नवा प्रोग्रॅम चढवताना बटण दाबावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. एरवी तीच डोकेदुखी. पायथॉनमध्ये उघडण्याआधी डीटीआर बंद ठेवायला सांगूनही उपयोग नाही, कर्नल आधीच हात मारून मोकळा झालेला असतो. पोर्टच्या सेटिंग बदलणाऱ्या एसटीटीवाय कमांडने एचयूपीसीएल (पोर्ट मिटताना डीटीआर बंद करायची सेटिंग) बंद केलं, तर पोर्ट मिटतानाही डीटीआर चालूच राहते आणि पुढच्या वेळी बदलच होत नाही. पहिल्यांदा उघडताना मात्र झटका बसणारच.

सी प्रोग्रॅममधून या तारा हलवायला आयओसीटीएल हे फंक्शन आहे. टीआयओसीएमबीआयएस दिलेली तार चालू करतं, टीआयओसीएमबीआयसी बंद करतं, टीआयओसीएमजीईटी सगळ्यांची स्थिती वाचतं. हार्डवेअर फ्लो कंट्रोल (डेटा कधी पाठवायचा, कधी थांबायचं हे तारांच्या इशाऱ्यांनी ठरवणं) चालू असेल, तर आरटीएसला हात न लावलेला बरा. ती कर्नल सांभाळत असतो.

ईएसपी32 या मायक्रोकंट्रोलर चिपच्या बऱ्याच बोर्डांवर याहून हुशार जोडणी असते. दोन ट्रान्झिस्टर असे उलटसुलट जोडलेले, की दोन्ही तारा चालू किंवा दोन्ही बंद असल्या तर काहीच होत नाही. फक्त आरटीएस चालू असेल तर चिप रीसेटमध्ये जाते. फक्त डीटीआर असेल तर चिपची जीपीआयओ0 ही पिन खाली ओढली जाते आणि रीसेटमधून सुटलेली चिप प्रोग्रॅम चढवून घ्यायच्या तयारीत उठते. मात्र एकीवरून दुसरीवर जाताना तारा एकेक करून बदलल्या, तर मध्ये दोन्ही सारख्या होतात आणि रीसेट वेळेआधीच सुटतो. म्हणून इथे टीआयओसीएमएसईटी वापरायचं. ते दोन्ही तारांची नवी स्थिती एकाच हुकमात ड्रायव्हरला देतं.