पोटातलं बाळ फौजदारी कायद्यात कोण?

गरोदर बाईला कुणी मारहाण केली आणि पोटातलं बाळ दगावलं, तर खुनाचं कलम का लागत नाही? कोल्हापुरात असो वा कुठेही, घरच्यांना हे पटत नाही. याचं उत्तर १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. कलम २९९ चं तिसरं स्पष्टीकरण सांगतं की गर्भातल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. जिवंत बाळाचा एखादा भाग बाहेर आला असेल, तरच तो मनुष्यवध ठरू शकतो. मुळात हा जुना इंग्रजी नियम. आरोपी मात्र मोकळा सुटत नाही. बाईच्या संमतीविना गर्भपात घडवला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, बाईचा जीव गेला असता तर सदोष मनुष्यवध ठरलं असतं अशा कृत्यात हालचाल करू लागलेला गर्भ गेला तर दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, चौकट तीच राहिली.

माझ्या मते खरा अन्याय वेगळ्याच कलमात होता. कलम ३१२ नुसार स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. विधवेला दिवस गेले की काय व्हायचं, हे जोतीराव-सावित्रीबाईंना ठाऊक होतं. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते त्यासाठीच. १९७१ च्या गर्भपात कायद्याने डॉक्टरांना अटींसह संरक्षण दिलं, २०२१ मध्ये ठरावीक बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली.

कोल्हापूरने दुसरी बाजू पाहिली: मुलगी आहे म्हणून पाडलेले गर्भ. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. सधन, ऊस पिकवणारा जिल्हा, तरी ही गत! पुढे प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, बसवायला लावले. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली, २०११ मध्ये हरली. १९९४ चा गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा मात्र बाईकडे वेगळ्या नजरेने पाहतो: उलट सिद्ध होईपर्यंत नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच तिला चाचणीला भाग पाडलं, असं न्यायालयाने धरायचं.

अमेरिकेने २००४ च्या संघीय कायद्यात गर्भाला स्वतंत्र पीडित मानलं. त्यातून आईला आणि संमतीच्या गर्भपाताला वगळलं. तरी तिथल्या काही राज्यांत गरोदरपणी अमली पदार्थ घेतल्याबद्दल बायकांवरच खटले चालले, तेही वेगळ्या कलमांखाली.

आणि आपल्याकडे? स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईला आरोपी करणारं कलम ३१२ चं १८६० मधलं स्पष्टीकरण नव्या संहितेच्या कलम ८८ मध्येही आहे.