चिपभोवतीचा पसारा कसा कमी होत गेला

1979 साली स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचं पृथक्करण करणारं उपकरण कोरलं गेलं. 1990 मध्ये रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मान्झ यांनी संपूर्ण रासायनिक तपासणीच चिपवर, म्हणजे बारीक वाहिन्या असलेल्या छोट्याशा तुकड्यावर, आणायची कल्पना मांडली. अडचण चिपच्या आकाराची नव्हतीच. द्रव ढकलायला पंप, निकाल वाचायला सूक्ष्मदर्शक, रसायनं टिकवायला फ्रिज, असा सगळा पसारा तिच्याभोवती लागायचा. ग्रामीण दवाखान्यात तो मांडणार कुठे?

2007 मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पंपच वगळला. कागदावर जलरोधक भिंती उमटवल्या की लघवीचा थेंब आपोआप शोषला जाऊन ग्लुकोज आणि प्रथिनं ओळखणाऱ्या रसायनांच्या ठिपक्यांपर्यंत पोचतो. पुढे भिंती मेणाने छापू लागले. मेण तापवल्यावर आडवंही पसरतं, त्यामुळे वाहिनी मुळात रुंद आखावी लागते.

2011 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सॅम्युअल सिया यांच्या गटाने रवांडात एचआयव्ही आणि सिफिलिससाठी प्लॅस्टिकची चिप तपासली. तिची खुबी नळीत होती. रसायनं क्रमाने भरलेली, मधे हवेचे बुडबुडे, म्हणून ती एकमेकांत मिसळत नाहीत. साध्या सिरिंजने ओढलं की एकामागून एक चिपवरून जातात. शेवटी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर चांदी साचते आणि स्वस्त प्रकाश-संवेदक तिचा गडदपणा मोजतो; त्यावरून निकाल कळतो. रक्त लागतं जेमतेम 1 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग.

क्षयरोगाला मात्र जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून पाहणं भाग होतं. हे काम करणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्येच मान्यता दिली, पण त्याला अखंड वीज आणि आटोक्यातलं तापमान हवं. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्ज आणि गोव्यातल्या मोल्बायो या कंपन्यांचं ट्रूनॅट हे तसंच यंत्र बॅटरीवर चालतं. 2020 मध्ये संघटनेने त्याचीही शिफारस केली. बेडका पातळ करून एका यंत्रात डीएनए वेगळा काढायचा. त्याचे 6 मायक्रोलिटर कोरड्या रसायनाच्या नळीत टाकून द्रावण स्वच्छ होईपर्यंत अर्धा ते एक मिनिट थांबायचं, मग तेवढंच चिपच्या खळग्यात सोडायचं. नळी हलवायची नाही, पिपेटने, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या नळीने, ढवळायचंही नाही. पिपेटच्या टोकाने खळगा ओरखडला किंवा थेंब बाहेर सांडला की चाचणी वाया जाऊ शकते. क्षयाचे जंतू सापडले तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला जंतूंचा प्रतिरोध आहे का, ते पाहतात. यंत्रं सुटसुटीत झाली, पण पिपेटचं हे काम अजून तंत्रज्ञाच्या हातीच आहे.