तालीम (मुक्तिसंग्रामकालीन मराठवाडा)

कुस्ती, जोर-बैठका व लाठीकाठी शिकण्याची गावोगावची जागा. निजामी राजवटीच्या अखेरच्या दशकात (१९३८–४८) मराठवाड्यात तालमीला राजकीय वजन आले. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने सभा-संमेलनांवर परवानगीची अट घातलेली होती. खासगी शाळा आणि आखाडे यांवरही सरकारी बंधने होती. त्यामुळे पोरे रोज एकत्र जमतील आणि कोणाला त्याचे वावगे वाटणार नाही, अशी ठिकाणे थोडीच उरली. उदगीरच्या भाई बन्सीलाल व भाई श्यामलाल या बंधूंनी रुजवलेल्या आर्य समाजाने हे ओळखून प्रवचनाबरोबर व्यायामावरही भर दिला. श्यामलाल १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मरण पावले.

मात्र तालमी आपसात एक नसत. जत्रेच्या फडात नारळाच्या कुस्तीवरून धरलेली ईर्ष्या वर्षभर टिके, ठेवणीतला डाव परक्या पठ्ठ्याला कोणी दाखवत नसे, आणि दोन गावांचे वैर पोरांच्याही अंगात मुरलेले असे. अशांची एक फळी करताना वस्तादाच्या हाती मुख्यतः मेहनतच असते. सगळ्यांनी मिळून हौद (कुस्तीच्या मातीचा खड्डा) खणायचा, मातीत तेल, ताक, हळद कालवायची. निकाली कुस्ती न लावता नुसती लढत द्यायची, तीही दुसऱ्या गावच्या जोडीदाराशी. रोज अंगाला अंग लागले की कोणाचा दम किती आणि अडचणीत कोण मागे सरेल, हे सांगावे लागत नाही. रात्रीच्या गस्तीला हीच पारख कामाची.

तालमीचे श्रेय वाढवून सांगण्याची मात्र खोड आहे. कासिम रझवी (लातूरचा वकील) याच्या निजामनिष्ठ रझाकार दलाकडे बंदुका होत्या. ढाक किंवा कलाजंग हा डाव कितीही पक्का असला तरी गोळीपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून १९४७ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या सरहद्दीबाहेर शिबिरे उभारली, तेव्हा तिथे हत्यार चालवणे शिकवावे लागले. पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांपैकी एक. जानेवारी १९४८ मध्ये नांदेडकडील उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. अशा मोहिमेत निधड्या छातीइतकीच गुप्तता आणि हुकूम पाळण्याची सवय लागते. हुकूम पाळण्याची सवय तालमीत मिळे. गुप्तता क्वचितच, कारण पहिलवान मिरवल्याशिवाय राहत नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली आणि सरहद्दीवरील शिबिरांचे काम सरले. तालमी पुन्हा फडाकडे वळल्या. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत आजही कुस्त्या होतात. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी ठरलेले हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे.