मेटल डिटेक्टर घेण्याआधी : ‘किती फूट खोल दाखवतं?’ या प्रश्नाचं उत्तर

मशीन हातात घ्यायच्या आधीच जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘किती फूट खोल दाखवतं?’ फोनवरही पहिला प्रश्न हाच. आम्ही उलट विचारतो : काय हरवलंय, कुठं हरवलंय आणि जमीन कसली आहे? त्यावर काहींना वाटतं की आम्ही उत्तर टाळतोय. म्हणून हे पत्रक.

खोली एकट्या मशीनवर ठरत नाही. 11 इंची कॉईलचा (कॉईल म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी) चांगला डिटेक्टर पाच रुपयांचं नाणं बऱ्या मातीत साधारण वीतभर खोल पकडतो. पत्र्याची मोठी पेटी असेल तर त्याहून बरीच खोल. आणि बारीक नथ चार बोटांवर असली तरी सुटू शकते. लहान वस्तू दुप्पट खोल गेली की तिच्याकडून परत येणारा सिग्नल सुमारे 64 पटींनी क्षीण होतो. त्यामुळे दुप्पट पैसे मोजले म्हणून दुप्पट खोल दिसत नाही. ‘30 मीटर’ लिहिलेल्या जाहिराती आम्हीही पाहतो. आमच्या दरपत्रकात खोलीचा रकानाच नाही, तो याच कारणानं.

याच खोलीच्या हव्यासातून ती एक चूक होते, जिच्यात तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. मशीन शेतात नेलं की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक सिग्नलही पकडायची क्षमता, शेवटच्या टोकाला न्यायची आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन त्या जागेच्या मातीशी जुळवून घेणं, करायचाच नाही. मग पावलापावलाला किरकिर सुरू होते. दोन दिवसांनी मशीन ‘बिघडलं’ म्हणून काउंटरवर येतं. आम्ही तपासतो, ते ठणठणीत असतं.

किरकिर मातीमुळे होते. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, त्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. कोकणातली जांभ्याची लाल माती तर लोहानंच भरलेली. जुन्या चुलीची जागा, वीटभट्टीचं आवार, म्हणजे जिथं माती भाजली गेली तिथं हा त्रास आणखी वाढतो. सेन्सिटिव्हिटी वाढवणं म्हणजे खराब रेडिओचा आवाज वाढवणं : गाण्याबरोबर खरखरही वाढते.

उपाय दोन मिनिटांचा आहे. जिथं धातू नाही अशी हातभर जागा शोधा. ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून कॉईल जमिनीपासून बोटभर उंचीवरून वीतभर उंचीपर्यंत सावकाश वर-खाली करा. आवाज एकसारखा झाला की बटण सोडा. त्यानंतर किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी एकेक घर खाली आणा. शांत मशीन कमी खोल दाखवतं असं वाटतं, पण त्यात खरा आवाज ओळखू येतो. मुरमाड माळावरून काळ्या रानात उतरलात, किंवा मध्ये पाऊस झाला, तर हेच पुन्हा करायचं. विक्रीच्या वेळी आम्ही अर्धा तास थांबवून हे हातानं करून घेतो. घाईतल्या माणसाला त्याचा राग येतो, पण ज्यांनी तो अर्धा तास दिला त्यांची मशीन सहसा परत येत नाहीत.

आता कोणत्या कामाला कोणतं मशीन. शेतात किंवा अंगणात हरवलेला दागिना हे आमच्याकडचं नेहमीचं काम. त्यासाठी 15 किलोहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीचं किंवा मल्टी-फ्रिक्वेन्सी (अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) मशीन आणि डबल-डी (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉईल घ्या. ग्राउंड बॅलन्स हातानं करता यायला हवा. स्वस्त मशीनमध्ये तो कारखान्यातच एका जागी बसवलेला असतो. रेताड मातीत त्यावर भागतं, आपल्याकडे भागेलच असं नाही. अंगठी आणि जोडवी लवकर सापडतात, कारण अखंड कडं चांगला सिग्नल देतं. मंगळसूत्राचं तसं नाही. बारीक साखळीची प्रत्येक कडी मशीनला सुटी दिसते, म्हणून तोळ्याची साखळीसुद्धा कधी कधी मुकी राहते. आवाज बहुतेक वेळा वाट्यांचा येतो. त्या केवढ्या आहेत ते येण्याआधी घरात विचारून घ्या. तशीच दुसरी वस्तू असेल तर दोऱ्याला बांधून त्याच मातीत पुरून बघा, मशीन काय बोलतं ते कळेल. शोध होईपर्यंत रानात रोटाव्हेटर घालू नका. उसाचं पाचट आधी बाजूला करा. ते जेवढं जाड, तेवढी खोली वाया.

समुद्रकिनाऱ्याचं गणित वेगळं. कोरड्या वाळूत कोणतंही मशीन चालेल. ओल्या वाळूत खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, तिथं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन गोंधळतं. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत तर जास्तच. तिथं मल्टी-फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन, म्हणजे विजेचे ठोके सोडून धातू ओळखणारं मशीन, हवं. पल्सवाल्याला लोखंड आणि सोनं यातला फरक नीट कळत नाही, खिळेही उकरावे लागतात. वाळूत ते जमतं, शेतात जीव जातो.

सॉ मिलमधल्या ओंडक्यातले खिळे शोधायला हातातली छोटी कांडी पुरते. प्लास्टिकचा पाइप आणि बोअरचं पाणी कोणताच मेटल डिटेक्टर दाखवत नाही.

‘फक्त सोनं दाखवणारं’ मशीन आमच्याकडे नाही, कारण तसं मशीन नसतंच. धातू लागला की मशीनच्या पडद्यावर एक आकडा येतो; अंगठीचा आकडा बऱ्याचदा गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलच्या किंवा कॅनच्या कडीच्या आकड्याशी जुळतो. कचरा नको म्हणून ते आकडे बंद केलेत, तर अंगठीही गेली. लोखंड बंद करा, बाकी सगळं उकरा.

आणि सोनं शोधतात म्हणून सांगितले जाणारे, हातात धरायचे, आपोआप वळणारे अँटेना? त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो. गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकलेल्या खेळण्यावरून एका ब्रिटिश व्यापाऱ्यानं बनावट बॉम्बशोधक यंत्रं काढून इराकला विकली. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. सोनं शोधणारे अँटेना त्याच जातीचे. आम्ही ते ठेवत नाही, मागवूनही देत नाही.

गुप्तधनासाठी आम्ही मशीन भाड्यानं देत नाही, यावरून वाद होतात. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. रक्कम तेव्हाची असली तरी कायदा आजही लागू आहे. संरक्षित गड-किल्ल्यांवर आणि जुन्या देवळांच्या आवारात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. मांत्रिकाला बरोबर घेऊन येणाऱ्यांना तर आम्ही चहा पाजतो आणि परत पाठवतो. स्वतःच्या घराचा पाया काढताना काही लागलं, तर आधी तलाठ्यांना सांगा.

एकच दागिना हरवला असेल तर मशीन विकत घेऊ नका, भाड्यानं न्या. दिवसाच्या भाड्यात पिनपॉइंटर, म्हणजे उकरलेल्या मातीत वस्तू नेमकी दाखवणारी कांडी, आम्ही सोबत देतोच. पुढं तेच मशीन घ्यावंसं वाटलं, तर पहिल्या दिवसाचं भाडं किमतीतून वजा करतो.

येताना जमिनीचा फोटो, हरवलेल्या दागिन्याचा फोटो (लग्नातला चालेल) आणि शक्य असेल तर त्या रानातली मूठभर माती पिशवीतून आणा. माती कॉईलसमोर धरली की कोणतं मशीन तुमच्याकडे चालेल याचा बराचसा अंदाज काउंटरवरच येतो. शोधायला जाताना पायात लोखंडी टोकाचे बूट नकोत, हातात कडं नको, आणि मोबाईल दुसऱ्याकडे द्या.