अँटिबायोटिकची सवय शरीराला होत नाही

‘अँटिबायोटिक वारंवार घेतलं की शरीराला सवय होते, मग ते लागू पडत नाही.’ पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत हा निरोप वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातोय. औषध निकामी ठरतं हा अनुभव खरा, म्हणून तो पटतो. पण बदलतात ते जंतू.

लघवीच्या संसर्गाची कल्चर तपासणी पाहा. नमुन्यातले जंतू वाढवून म्युलर-हिंटन आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर पसरतात, त्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची ५ मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ, म्हणजे औषधामुळे जंतू न वाढलेली जागा, मिलिमीटरमध्ये मोजतात. पक्के प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत वाढतात. त्या प्लेटमध्ये माणसाचं शरीर नाहीच! म्हणूनच ते औषध कधीच न घेतलेल्यालाही प्रतिरोधक संसर्ग होऊ शकतो. शिवाय जंतू प्रतिरोधाचं जनुक एकमेकांना देतात.

पडताळायचं असेल तर रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आणि प्रत्येक औषधापुढे ‘एस’ (औषध लागू पडतं) आहे की ‘आर’ (जंतू प्रतिरोधक) ते वाचा. नमुना पहिल्या गोळीआधीच द्या, नाहीतर जंतू प्लेटवर वाढत नाहीत आणि संसर्ग असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. लघवी मधल्या धारेची (सुरुवातीची थोडी सोडून) घ्या, २ तासांत लॅबमध्ये पोहोचवा. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरचे जंतूही झपाट्याने वाढतात.