१८९७ चा साथरोग कायदा आला कुठून? प्लेगच्या पुण्याची गोष्ट

२०२० मध्ये लॉकडाऊनच्या ऑर्डरी निघत होत्या तेव्हा बहुतेक ऑर्डरींच्या वर एक नाव असायचं, साथरोग अधिनियम १८९७. हा कायदा मुंबईच्या प्लेगमुळे झालेला आहे, त्यामुळे गोष्ट तिथूनच सुरू करायला लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा प्लेग आहे. मग पळापळ झाली, लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे, आणि जे राहिले त्यांना सरकारी माणसं हॉस्पिटलात उचलून नेतील ही धास्ती. ऑक्टोबरमध्ये तर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवरच हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ ला कायदा पास झाला. जेमतेम चार कलमं. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर केस करता येणार नाही. हे शेवटचं कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं.

पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून रँडसाहेब आले ते हाच कायदा हातात घेऊन, सोबत गोरे सोल्जर. घराघरात शिरायचं, बायकामाणसांची तपासणी करायची, सामान बाहेर काढून जाळायचं, पेशंटला हॉस्पिटलात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवायच्या छावणीत न्यायचं. देवघरात बूट घालून शिरल्याच्या तक्रारी होत्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, २२ जूनला गणेशखिंड रोडवर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट या लष्करी अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या, आणि नंतर टिळकांना राजद्रोहात १८ महिन्यांची शिक्षा.

पण शाळेत गोष्ट इथेच संपते, आणि तिथेच घोळ होतो. लोक आयसोलेशनच्या विरोधात होते असं आपण धरून चालतो. टिळकांनी सोल्जरांच्या वागण्यावर सडकून लिहिलं हे खरं, पण शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही सोडलं नाही, आणि स्वतः हिंदूंसाठी प्लेगचं हॉस्पिटल काढून दिलं. म्हणजे पेशंटला वेगळं ठेवायचंय हे मान्यच होतं, भांडण होतं ते कोण नेणार, कसं नेणार आणि तिथे गेल्यावर पाणी कोणाच्या हातचं, याचं.

त्याच वेळी हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं असं सांगतात. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या वारल्या. जिथे कोणी हात लावायला तयार नव्हतं तिथे त्या गेल्या, आणि प्लेगात आजाऱ्यांना ‘समाजाने सांभाळलं’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, कारण समाज म्हणजे तेव्हा जातीजातींत वाटलेला समाज होता.

मुंबईत तर ते उघडच दिसतं. तिथे जनरल गॅटेकरच्या सरकारी प्लेग कमिटीच्या काळात पारशी, मुसलमान, वेगवेगळ्या हिंदू जाती, असं करत ज्याने त्याने आपापलं प्लेग हॉस्पिटल काढलं. लोक तिथे जायला तयार झाले कारण माणसं ओळखीची. पण ज्यांच्याकडे पैसा नाही, संघटना नाही, त्यांच्या नशिबी सरकारी कॅम्पच. आणि एवढं करूनही मार्च १८९८ मध्ये एका विणकर मुसलमान कुटुंबातल्या आजारी मुलीची तपासणी करायला माणसं गेली त्यावरून शहरात दंगल पेटलीच.

लशीचं पण तसंच झालं. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक बिचकतच होते, मग खोजा मुसलमानांचे धर्मगुरू आगाखान यांनी अनुयायांसमोर सुई घेतली तेव्हा खोजा मंडळी पुढे आली. आज परळला जी हाफकिन संस्था आहे ती यांच्याच नावाची.

हळूहळू सोल्जर घालून घरांची झडती घ्यायची पद्धत सरकारने सैल केली. कायदा मात्र राहिला.